इंजिनाची शक्ती का घटते?

जुनी व्हॅन सपाट रस्त्यावर बरी धावते. परंतु चढ लागला, की तिचा वेग मंदावतो, चालकाला वारंवार खालचा गिअर घ्यावा लागतो आणि इंधनही अधिक जळते. अशा वेळी ‘इंजिन खलास झाले’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो व इंजिन उघडण्याचा मोठा खर्च मालकाच्या माथी बसतो. वास्तविक, शक्ती घटणे हे लक्षण होय. तो रोग नव्हे. एकाच लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात, आणि ती क्रमाने पारखून पाहणे यालाच निदान म्हणतात.

उदाहरणादाखल १९८४ मध्ये भारतात आलेली व पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखली गेलेली मारुती व्हॅन घेऊ. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तथापि किरकोळ व्यापाऱ्यांचा माल वाहण्यापासून रुग्णांना इस्पितळात पोचविण्यापर्यंत अनेक कामे या व्हॅनने केली आहेत. तिचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे व चाळीस अश्वशक्तीच्या आतले असते. इतक्या लहान इंजिनात राखीव बळ थोडेच. म्हणून लहानसा बिघाडही चढावर लगेच जाणवतो.

पहिला प्रश्न असा, की शक्ती खरोखर इंजिनातच कमी पडते काय? सपाट व मोकळ्या जागी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असता ती लवकरच थांबत असेल, तर ब्रेक चाकांना घासत असण्याचा संभव असतो. थोडे अंतर गेल्यावर एखाद्या चाकाचा मध्यभाग इतरांहून फार तापलेला आढळला, तर हा संशय बळावतो. ही गोष्ट केवळ शक्तीच्या अपव्ययाची नाही. तापलेले ब्रेक उतारावर दगा देऊ शकतात. याउलट इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असे दिसल्यास क्लच घसरत आहे असे समजावे. शिमला किंवा उदकमंडल येथे, म्हणजे २,००० मीटरांहून अधिक उंचीवर, हवेची घनता सुमारे एकपंचमांशाने कमी असते. तेथे शक्ती घटली, तर तो बिघाड नव्हे, निसर्गनियम होय.

दोष इंजिनातच असल्याची खात्री पटली, की हवा, इंधन, ठिणगी व दाब या चार गोष्टी तपासाव्यात. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. या हिशेबाने मिनिटाला ३,००० फेरे होत असता ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन पूर्ण भरत गेले, तर सुमारे १,२०० लिटर हवा घेईल. धुळीने भरलेली हवेची गाळणी इतक्या हवेला वाट कशी देणार? इंधनाचेही तसेच आहे. संथ चालीत गाडी ठीक असून जोर लावताच ती गचके देत असेल, तर इंधनाची गाळणी, पंप किंवा कार्ब्युरेटरमधील बारीक छिद्रे तुंबली असावीत. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या खराब होऊ शकतात. म्हणून त्याही पाहाव्यात.

ठिणगीची साक्ष स्पार्क प्लग देतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी साचली असल्यास इंधन अधिक मिळते आहे, तेलकट थर असल्यास वंगण वर चढते आहे, आणि टोक पांढरेफटक असल्यास इंधन कमी पडते आहे किंवा सिलिंडर फार तापतो आहे.

दाबाची परीक्षा शेवटी करावी. गरम इंजिनाचे सर्व प्लग काढून, ठिणगीचा व इंधनाचा पुरवठा तोडून व ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन स्टार्टरने फिरवावे आणि दाबमापकाने प्रत्येक सिलिंडर मोजावा. एकाच सिलिंडरचा दाब बराच कमी भरला, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढला, तर झडप नीट बसत नसावी. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच घसरला असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट फाटल्याचा संशय घ्यावा. दाब सर्वत्र चांगला असूनही वेग वाढवताच इंजिन गुदमरत असेल, तर सायलेन्सर तुंबला आहे काय, हे पाहावे.

या क्रमातील बहुतेक परीक्षांना साधी अवजारे व थोडा वेळ पुरतो. दाबाचे आकडे तारखेसह वहीत टिपून ठेवले, तर पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी त्यांची तुलना करता येते. इंजिन उघडण्याची वेळ खरोखर आली आहे काय, हे मग अंदाजाने नव्हे, पुराव्याने ठरते.