स्थूलत्वावरील शस्त्रक्रिया आणि पुरुषाची प्रजननक्षमता

अपत्यहीनतेची चर्चा आपल्या समाजात आजही प्रामुख्याने स्त्रीभोवतीच फिरते. वस्तुतः अनेक जोडप्यांमध्ये पुरुषाकडील घटकही कारणीभूत असतो आणि स्थूलत्व हा त्यांपैकी एक होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २३ टक्के पुरुषांचा देहवस्तुमान निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आढळला. अतिस्थूल व्यक्तींसाठी जठराचा आकार कमी करणाऱ्या वा लहान आतड्याचा आरंभीचा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत. त्यांमुळे वजन उतरते. परंतु पितृत्वाची शक्यताही वाढते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेदपेशींत अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर असते. ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषसंप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे मेंदूकडून वृषणांना मिळणारे संदेश मंदावतात व टेस्टोस्टेरॉन आणखी घटते. मांड्यांवरील मेदामुळे वृषणांचे तापमान वाढते, तेही शुक्राणूंच्या निर्मितीस प्रतिकूल ठरते.

शस्त्रक्रियेनंतर या चक्राची दिशा पालटते. टेस्टोस्टेरॉन वाढते व लैंगिक कार्यक्षमताही बहुधा सुधारते. याबाबत संशोधकांत फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो शुक्राणूंविषयी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निवेदनात, पूर्वी अपत्ये झालेल्या सहा पुरुषांच्या वीर्यात जठर-बायपासनंतर शुक्राणू आढळलेच नाहीत. २०१९ मधील एका फ्रेंच अभ्यासात ४६ पुरुषांची तपासणी झाली. त्यांत शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने शुक्राणूंची सरासरी एकूण संख्या घटलेली दिसली. याउलट, मुळातच शुक्राणू कमी असलेल्या काही पुरुषांत जठर-संकोचनानंतर संख्या वाढल्याचे कतारमधील संशोधकांनी २०१६ मध्ये नोंदविले. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्यांना वीर्याच्या गुणवत्तेत ठळक सरासरी सुधारणा आढळली नाही. म्हणजे संप्रेरक सुधारले म्हणून शुक्राणूही सुधारतील, हे गृहीतक टिकत नाही. जाहिरातींत मात्र ते सर्रास आढळते.

या विसंगतीचे एक संभाव्य कारण पोषणात आहे. आतड्याचा आरंभीचा भाग वगळला गेल्याने जस्त, फोलेट, लोह, ब-१२ आदींचे शोषण घटते. यांतील जस्त व फोलेट शुक्राणुनिर्मितीस विशेष आवश्यक असतात. शिवाय झपाट्याने घटणारे वजन हा शरीरावरील ताणच असतो. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस व पक्व होऊन बाहेर येण्यास आणखी काही दिवस लागतात. त्यामुळे आजच्या वीर्यतपासणीत सुमारे तीन महिन्यांपूर्वीची शारीरिक अवस्था उमटते.

स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर साधारणतः १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. पुरुषांसाठी असा सर्वमान्य कालावधी ठरलेला नाही. किंबहुना त्यांना याविषयी विचारलेही जात नाही. अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषाची वीर्यतपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच होणे इष्ट आहे. संख्या कमी असल्यास वा पत्नीचे वय अधिक असल्यास वीर्य गोठवून जतन करण्याचा पर्याय त्यांच्यासमोर ठेवावा. नंतरही जीवनसत्त्वे व जस्ताच्या पूरक मात्रा नियमित घ्याव्यात. टेस्टोस्टेरॉन कमी आढळले म्हणून त्याची इंजेक्शने घेणे मात्र अशा पुरुषाने टाळावे, कारण बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूचे संदेश दाबते आणि शुक्राणुनिर्मिती जवळजवळ थांबवू शकते.