गंधार कुणाचा?

इंग्रजांची लोकगीते काफी थाटात असतात असे पुण्यात कुणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते! पण इथे यॉर्कशायरला, मुलीच्या गावी, दर मंगळवारी आम्ही ‘स्कारबरो फेअर’ बसवतो आहोत. प्रेयसीला बिनटाक्याचा सदरा शिवायला सांगणारे हे गाणे चक्क काफीचे स्वर घेऊन उभे आहे. गंधार-निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. इकडे याला डोरियन म्हणतात.

आमचे गायनमंडळ म्हणजे पंचवीसेक हौशी माणसे. निम्म्यांना स्वरलेखन वाचता येत नाही. म्हणून चालकबाई ओळ गाऊन दाखवतात आणि आम्ही मागून म्हणतो. थेट आपल्या शाळेतल्या कवितेसारखे! बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन, असे चार पदर निरनिराळे घोटायचे. सुटा पदर ऐकावा तर काहीतरीच वाटतो. चारी जुळले की मात्र अंगावर काटा येतो. मधल्या सुटीतला चहा अगदीच पाणचट, पण ते असो.

पेच पडला तो ऐंशीच्या घरातल्या एका शेतकरी आजोबांमुळे. हे गाणे त्यांनी आपल्या आजीच्या तोंडून उचललेले. त्यांचा गंधार कधी कोमल, कधी शुद्धाकडे झुकलेला. बाकीच्यांच्या कानांत सायमन आणि गारफंकेल यांची १९६६ ची तबकडी. आजोबा बेसूर आहेत, अशी कुजबुज सुरू झाली. पियानोवर ताडून पाहिले, तर त्यांचा स्वर दोन पट्ट्यांच्या मधोमध! आपल्याकडे पेटीवर आक्षेप घेतात तो याचसाठी ना?

१९०३ साली सेसिल शार्प यांनी सॉमरसेटमध्ये जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याचे गाणे टिपले आणि पुढे हजारो चाली कागदावर उतरवल्या. उपकार थोर, पण कागदावर गाणे एकाच रूपात गोठते. १९०६ साली पर्सी ग्रेंजर लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ घेऊन गेले. मेणाची नळकांडी पुन्हापुन्हा ऐकताना त्यांना आढळले, की जोसेफ टेलरसारखे खेडुत गायक कडव्यागणिक स्वर अन् लय बदलतात. गंधार-निषाद तर फारच चंचल. ही चूक नव्हे, हीच त्यांची गायकी, असे ग्रेंजर यांचे म्हणणे. मला ते पटते. जात्यावर बसलेल्या माझ्या आजीने एक ओवी दोनदा तशीच म्हटल्याचे मला आठवत नाही.

तरी पंचवीस जणांनी पंचवीस गंधार लावले, तर स्कारबरोचा खराखुरा बाजारच भरायचा! बाईंची अडचणही खोटी नव्हती.

आजोबा दोन मंगळवार फिरकलेच नाहीत. तिसऱ्या मंगळवारी बाई स्वतः शेतावर जाऊन त्यांना घेऊन आल्या. तोड अशी निघाली: मधली दोन कडवी आजोबांनी एकट्याने म्हणायची आणि आम्ही तंबोऱ्यासारखा नुसता षड्ज धरायचा. आजोबांचा गंधार अजूनही दर खेपेस निराळा लागतो. पियानोवाल्या बाई तेवढ्यापुरते पियानोचे झाकण लावून ऐकत बसतात.