गाणे कशावरही होते

स्नेहसंमेलनासाठी गाणे लिहा म्हटले की मुले चंद्र-तारे शोधतात. त्यांना आम्ही इंग्लंडमधील बर्कनहेडच्या ‘हाफ मॅन हाफ बिस्किट’ या बँडविषयी सांगतो. त्यांच्या १९८५ सालच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘बॅक इन द डीएचएसएस’. बीटल्सच्या गाण्यातील ‘यूएसएसआर’ला काढून तिथे बसवले भत्ता देणारे सरकारी खाते! गीतकार-गायक नायजेल ब्लॅकवेल तेव्हा स्वतःच बेकार होता. प्रेम-विरह सोडून त्याने टीव्हीवरचे निवेदक, फुटबॉल यांवर गाणी रचली आणि ती आपल्या बोलीच्या ढंगातच गायिली. पुढे ‘चॅनल फोर’च्या ‘द ट्यूब’ या गाजलेल्या कार्यक्रमाचे बोलावणे आले. नेमका त्याच संध्याकाळी गावच्या ट्रॅनमियर रोव्हर्स संघाचा सामना होता. हेलिकॉप्टर देऊ केले, तरी हे गेले नाहीत. पालक याला वेडेपणा म्हणतील; आम्हाला मात्र त्यांचे पटते.