अंधार विकत घेताना

2009 साली ब्रिटनमध्ये टीव्हीच्या जाहिरातींवरून एक तक्रार झाली. सॅमसंगने त्या वर्षी ‘एलईडी टीव्ही’ या नावाने नवे संच बाजारात आणले होते. तक्रारीचा मुद्दा सरळ होता. या टीव्हीचा पडदा एलईडीचा नाहीच, तो जुनाच एलसीडी आहे. फक्त मागचे दिवे बदलले आहेत. तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने ही तक्रार मान्य केली आणि जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली.

निकाल लागला, नाव मात्र टिकले. आज दुकानात जाऊन कोणी एलसीडी टीव्ही मागितला, तर ‘ते कधीच बंद झाले, आता सगळे एलईडीच’ असे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. आणि ज्या संचाकडे बोट दाखवून हे सांगितले जाईल, तो एलसीडीच असेल.

नावांचा हा घोळ पुढे वाढतच गेला. 2017 मध्ये क्यूएलईडी हे नाव आले. इंग्रजीतला ‘क्यू’ म्हणजे शेपूट फुटलेला ‘ओ’, त्यामुळे पाच फुटांवरून क्यूएलईडी आणि ओएलईडी या पाट्या सारख्याच दिसतात. हा निव्वळ योगायोग मानायला मन मोठे हवे. प्रत्यक्षात या दोन प्रकारच्या टीव्हींमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो समजून घ्यायचा तर रंगांपासून नव्हे, काळोखापासून सुरुवात करावी लागते.

घरातला एलईडी टीव्ही रात्री सगळे दिवे मालवून पाहावा. एखाद्या चित्रपटात दोन दृश्यांच्या मध्ये पडदा पूर्ण काळा होतो, तेव्हा खोलीत मिट्ट काळोख व्हायला हवा. तसे होत नाही. पडदा राखाडी उजळतो आणि समोरच्या सोफ्याच्या कडा दिसत राहतात. टीव्ही ‘काळा’ दाखवत असतो, पण मागचे दिवे जळतच असतात.

याचे मूळ शोधत गेले की वाट थेट गाजरापर्यंत पोहोचते. 1888 मध्ये प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्सर गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवत होते. 145.5 अंश सेल्सिअसला ते वितळले, पण द्रव निघाला दुधाळ. आणखी तापवत नेल्यावर 178.5 अंशांना तो एकाएकी नितळ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! चक्रावलेल्या रायनित्सरांनी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांना पत्र लिहून नमुने पाठवले. मधल्या अवस्थेतला तो पदार्थ द्रवासारखा वाहत होता, पण त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखे शिस्तीत उभे होते. त्याला ‘द्रवस्फटिक’ हे नाव मिळाले आणि पुढची कित्येक दशके तो प्रयोगशाळेतली गंमत म्हणूनच राहिला. 1968 मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकांचा पडदा जाहीर केला. त्याचे पैसे मात्र जपानने केले. 1973 मध्ये शार्पने असा पडदा असलेला खिशात मावणारा कॅलक्युलेटर विकायला काढला.

या गोष्टीत बंगळुरूचाही वाटा आहे. रामन संशोधन संस्थेत सर सी. व्ही. रामन यांचे भाचे एस. चंद्रशेखर (कृष्णविवरांवाले नोबेल मानकरी चंद्रशेखर वेगळे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये दाखवले की काडीसारख्या रेणूंप्रमाणेच चकतीसारखे रेणूही द्रवस्फटिक बनवतात. ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात हा शोध छापून आला. दोन दशकांनी जपानमध्ये याच जातीच्या रेणूंपासून एक पातळ थर तयार झाला. तो पडद्यावर चढवला की बाजूने पाहतानाही चित्र कमी बिघडते. संगणकांचे लक्षावधी पडदे हा थर घेऊन जगभर गेले.

एलसीडीचे, म्हणजे द्रवस्फटिकांच्या पडद्याचे, काम खिडकीच्या झडपांसारखे आहे. मागे सतत जळणारे दिवे, पुढे लाखो झडपा. प्रत्येक झडप म्हणजे द्रवस्फटिकाचा एक कप्पा, प्रकाशाचे कंपन एकाच दिशेत ठेवणाऱ्या दोन पोलरायझर पट्ट्यांमध्ये बसवलेला. विजेचा दाब बदलला की रेणू कलतात आणि प्रकाश अडतो किंवा सुटतो. पुढे लाल, हिरवी, निळी काच. एवढ्या अडथळ्यांतून जाताना मागच्या दिव्यांचा बहुतांश प्रकाश आतच मुरतो. बाहेर पडतो तो जेमतेम पाच-दहा टक्के. आणि झडप कितीही घट्ट लावली तरी फट राहतेच. राखाडी काळोख या फटीतून येतो.

फट किती, हे पॅनेलच्या जातीवर ठरते. आयपीएस जातीत पांढरा भाग काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो. व्हीए जातीत तीन ते पाच हजारपट. म्हणजे काळोखासाठी व्हीए चांगले. पण व्हीए समोरून बघायचे पॅनेल आहे. बाजूला सरकले की रंग विटतात. हॉलमध्ये लावलेला टीव्ही स्वयंपाकघरातून, पोळ्या लाटता लाटता, तिरक्या नजरेने बघायची सवय असलेल्या घरात आयपीएसच बरे. खोक्यावर ही जात सहसा छापलेली नसते. दुकानात दोन पावले बाजूला जाऊन बघणे हाच त्यावरचा उपाय.

मागचे दिवेही बदलत गेले. आधी बारीक ट्यूब होत्या, मग पांढरे एलईडी आले. पांढरा एलईडी हा बहुधा निळा एलईडीच असतो, वर पिवळट भुकटीचा लेप दिलेला. हा निळा एलईडी जमवायला दशके लागली आणि त्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. क्यूएलईडी टीव्ही ही त्याची पुढची पायरी. त्यात निळ्या दिव्यांपुढे क्वांटम डॉट्सचा थर असतो. काही नॅनोमीटरचे हे कण एकाच पदार्थाचे असले तरी लहान कण हिरवा आणि मोठा कण लाल प्रकाश देतो. फरक फक्त आकाराचा. या कणांच्या संशोधनाला 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे मध्यम किमतीचा क्यूएलईडी भिंतीवर टांगणे म्हणजे दोन नोबेल टांगणेच. रंग खरोखर गडद आणि शुद्ध दिसतात. पण झडपा त्याच, फटी त्याच. क्यूएलईडीमुळे काळा रंग सुधारतो, हा दुकानातला सर्वात लोकप्रिय गैरसमज असावा.

काळोख सुधारतो तो मिनी एलईडीमुळे. यात मागे हजारो बारीक दिवे असतात आणि त्यांचे शेकडो गट स्वतंत्रपणे मंद करता येतात. चित्रात जिथे रात्र आहे तिथले दिवे मालवायचे, चंद्र आहे तिथले पेटवायचे. मात्र गट शेकडो आणि पिक्सेल लाखो, हा हिशेब जुळत नाही. त्यामुळे काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती, किंवा खालच्या उपशीर्षकाच्या पांढऱ्या अक्षरांभोवती, गणपतीच्या मागे असते तशी पुसट प्रभावळ दिसते. जितके गट जास्त तितकी प्रभावळ कमी. म्हणून मिनी एलईडी घेताना नुसत्या नावावर भागत नाही, गटांचा आकडा विचारायला हवा. विक्रेत्याला तो बहुधा माहीत नसतो.

प्लाझ्मा टीव्हीची आठवण काही रसिक अजून काढतात. 1964 मध्ये इलिनॉय विद्यापीठात जन्मलेल्या या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश द्यायचा आणि काळा रंग सुरेख दिसायचा. पण वजन, उष्णता आणि विजेचे बिल यांनी त्याचा घात केला. 2014 च्या अखेरीपर्यंत बड्या कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबवले.

स्वयंप्रकाशी ठिपक्याची ती कल्पना ओएलईडीने, म्हणजेच ओलेडने, पुरी केली. ईस्टमन कोडॅक या फोटोफिल्मवाल्या कंपनीतले चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये दाखवले की सेंद्रिय संयुगांच्या अतिशय पातळ थरांतून कमी दाबाची वीज सोडली तर ते उजळतात. 2007 मध्ये सोनीने 11 इंचांचा पहिला ओलेड टीव्ही विकायला काढला, कडेला जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा. यात मागे दिवा नाही, म्हणून झडप नाही आणि फटही नाही. काळा दाखवायचा तर तो पिक्सेल बंद होतो. रात्री दिवे घालवून चित्रपट बघणाऱ्याला याहून सरस काही नाही. बाजूने पाहिले तरी रंग फारसे हलत नाहीत.

मग सगळ्यांनी ओलेडच का घेऊ नये? किंमत हे एक कारण. दुसरे म्हणजे आपली घरे. दक्षिणेकडे मोठी बाल्कनी, दुपारी पडदे उघडे, समोरच्या भिंतीवर टीव्ही. अशा खोलीत ओलेडचा तो खानदानी काळोख खिडकीच्या प्रतिबिंबात बुडून जातो. शिवाय पूर्ण पडदा पांढरा झाला की ओलेड विजेचा आणि उष्णतेचा भार सांभाळण्यासाठी स्वतःला मंद करतो. भर दुपारी क्रिकेट बघायचे असेल तर चांगला मिनी एलईडी त्याच्यापुढे जातो.

तिसरे कारण आहे बातम्या. ओलेडमधली सेंद्रिय संयुगे वापराने थकतात, निळी सर्वात आधी. पडद्याच्या एकाच जागी तासन्‌तास तेच चित्र राहिले तर तिथले पिक्सेल इतरांपेक्षा लवकर म्हातारे होतात आणि त्या चित्राची पुसट छाया कायमची उमटते. कॅनडातल्या ‘आरटिंग्ज’ या चाचणी संस्थेने 2018 मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओलेड संच रोज 20 तास चालवले. कुठे फुटबॉलचा खेळ, कुठे इतर कार्यक्रम, कुठे सीएनएन. पूर्ण उजेडावर सीएनएन लावलेल्या संचावर वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी स्पष्ट उमटली. काही संच मात्र जवळजवळ निष्कलंक राहिले. नंतरच्या संचांत बचावाच्या युक्त्या वाढल्या आहेत, आणि घरी रोज 20 तास टीव्ही कोणी लावत नाही. पण मराठी वृत्तवाहिन्यांचा पडदा डोळ्यांपुढे आणून बघा. वर बोधचिन्ह, बाजूला चौकट, खाली दोन पट्ट्या, त्यातली एक कायम लाल आणि ‘ब्रेकिंग’. आजोबा सकाळी सातला वाहिनी लावतात आणि ती रात्री बंद होते, अशा घरात ओलेड नेणे म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणे.

पिक्सेलच्या आकड्यांचा मोह वेगळाच. फोरके पडद्यावर 82,94,400 पिक्सेल असतात, फुल एचडीवर त्याच्या चौथाई. निरोगी डोळा सर्वसाधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपतो. दहा फुटांवरून हा बारकावा भरतो साधारण 0.9 मिलिमीटर. 43 इंची फुल एचडी टीव्हीचा पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. म्हणजे दहा फुटांवरच्या सोफ्यावर बसून फोरके आणि फुल एचडी यांतला ठिपक्यांचा फरक सांगणे बहुतेकांना जमणार नाही. तो दिसतो पाच फुटांच्या आत, म्हणजे नेमका तिथे, जिथे उभे राहून आपण दुकानात टीव्ही पारखतो. मोठ्या आकारांत आता फोरकेच मिळतात, तेव्हा ते घ्यावेत. पण ‘पुढे एटके येईल’ म्हणून थांबून राहू नये.

त्यातही चित्र कुठून येते, हे बघायला हवे. एचडी नसलेल्या साध्या वाहिनीचे चित्र 720 गुणिले 576 पिक्सेलचे असते. भागाकार केला तर ते फोरकेच्या बरोबर विसावा हिस्सा भरते. उरलेले एकोणीस हिस्से टीव्हीतली चिप अंदाजाने भरते. नव्या कोऱ्या 55 इंची पडद्यावर जुनी मालिका साबणाच्या पाण्यात भिजल्यासारखी का दिसते, याचे उत्तर इथे आहे. केबल किंवा डिशच्या पॅकमध्ये एचडी वाहिन्या घेणे हा त्यावरचा स्वस्त इलाज.

सप्टेंबर 2025 मध्ये 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठ्या पडद्याकडे हात वळणे साहजिक आहे. आकार वाढवावा, हरकत नाही. पण वाचलेल्या पैशांतले थोडे आवाजासाठी राखावेत. ट्यूबच्या टीव्हीच्या खोक्यात स्पीकरला ऐसपैस जागा होती. आजच्या पातळ संचात तो बहुधा खाली तोंड करून बसलेला असतो.

घरी आल्यावर आणखी एक काम असते. कारखान्यातून संच भडक आणि निळसर रंगांवर लावून येतो आणि बरेच जण वर्षानुवर्षे तसाच बघतात. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो; टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो आणि मग भव्य सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत वाटू लागतो. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी खास चित्रफीत काढून ही सोय बंद करण्याची विनंती लोकांना केली होती. सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडला की बरेचसे काम होते. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटते, नंतर डोळा रुळतो.

दुकानात जाताना खिशात एक पेनड्राइव्ह असावा, आणि त्यात एकच चित्र: सगळे काळे, मधोमध पांढऱ्या अक्षरांत घरच्या कोणाचेही नाव. ते साध्या एलईडीवर लावले की सगळा पडदा राखाडी होईल. मिनी एलईडीवर अक्षरांभोवती प्रभावळ उमटेल. ओलेडवर नाव अधांतरी लटकेल आणि टीव्हीची कड शोधावी लागेल. एवढे करून झाले की त्या कोपऱ्यातले दिवे मिनिटभर घालवायला सांगावे. विक्रेता आधी कुरकुर करेल. मग बहुधा तोही येऊन बघत उभा राहील.