फवारणीतील विषबाधा आणि नुकसानभरपाईचा पुरावा

परभणी जिल्ह्यात खरिपातील कपाशी उंच वाढली म्हणजे फवारा अंगावर येतो व कीटकनाशक श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरात जाते. अशा विषबाधेवर उपचार होतात. परंतु नुकसानभरपाईची मागणी पुष्कळदा पुराव्याअभावी निष्फळ ठरते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात शेकडो शेतकरी व शेतमजूर फवारणीने आजारी पडले. वीसहून अधिक दगावले. त्यांपैकी एका बचावलेल्या इसमाने व दोन मृतांच्या पत्नींनी जून २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिंजेंटा कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. 'पोलो' या औषधातील डायफेंथियुरॉनमुळे अपाय झाला, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने जबाबदारी नाकारली. या मागणीमागे पोलिसांच्या नोंदींचा आधार होता, कारण त्यांत औषधाचे नाव लिहिलेले होते.

'फवारणीचे औषध' एवढीच नोंद दाव्यास निरुपयोगी होय. रोग्यास तात्काळ दवाखान्यात न्यावे आणि डबा वा त्यावरील चिठ्ठी वैद्यास दाखवावी. औषधाचे नाव केसपेपरावर लिहवून घ्यावे व पोलिसांकडे नोंद करवावी. रिकामा डबा पिशवीत बांधून, मुलाबाळांपासून दूर ठेवावा. दुकानदाराची पावती बॅच क्रमांकासह जपावी. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील विषबाधेत रक्तातील कोलिनेस्टरेजचे प्रमाण घटते, म्हणून रक्ताचा नमुना लवकर घेतला जावा. डायफेंथियुरॉन त्या गटांत मोडत नाही. तेथे ही तपासणी निर्दोष आली म्हणून विषबाधा झालीच नाही, असे म्हणता येत नाही.

२०२३ पासून लागू असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. परंतु ती वहितीधारक खातेदार व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीपुरती आहे. बरा होऊनही हंगामभर कामास मुकलेल्या रोग्यास तिचा उपयोग नाही, आणि पाठीवर पंप घेणारा तर बहुधा भूमिहीन मजूरच असतो.

मजुराचा मार्ग मालकाकडून भरपाई मागण्याचा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात शेतीतील कीटकनाशक फवारणीचे काम नमूद होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून भरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खाली आला आहे. तेथे मजुरी कोणी दिली, हा पहिला प्रश्न येतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने फवारणीचा दिवस, शेताचा गट क्रमांक, मालकाचे नाव व ठरलेली मजुरी साक्षीदारांसमक्ष त्याच आठवड्यात लिहून ठेवावी.