दुकानातला उंदीर आणि आपलं गप्प बसणं

किराणा दुकानात तुरीच्या पोत्यामागून उंदीर पळाला, तर गिऱ्हाईक काय करतं? लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात बहुतेक वेळा काहीच करत नाही. दुकानदार ओळखीचा असतो. सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत घर त्याच्याच उधारीवर चाललेलं असतं. 'तुमच्याकडं उंदीर झालेत' असं त्याच्या तोंडावर म्हणणं जिवावर येतं. दुकानदारही बोलत नाही, कारण बोभाटा झाला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार. तो रात्री विषाची पुडी टाकतो आणि सकाळी नेहमीसारखं शटर वर करतो. दोघांच्या या गप्प बसण्यावरच उंदीर पोसतो. मराठवाड्यानं तरी हे चालवून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

त्याला कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे याच लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला. त्याची धास्ती शेजारच्या जिल्ह्यांतही बसली. दगडमातीच्या घरांत झोपायला लोक तयार होईनात. माणसं बाहेर आली, धान्य मात्र आतच राहिलं. बंद घर, भरलेली पोती आणि पोखरायला मातीच्या भिंती. उंदरांना मोकळं रान मिळालं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उच्छाद झाला आणि पाठोपाठ माणसांना ताप आणि काखेत-जांघेत गाठी. 1966 नंतर देशात ज्याची नोंद नव्हती, तो प्लेग परतल्याचं निदान झालं. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषध दुकानांतून दिसेनाशा झाल्या. देशभरात पन्नासहून अधिक माणसं गेली.

मामल्यात उंदीर आधी मेले, माणसं नंतर आजारी पडली. जुन्या साथींच्या काळात हा क्रम लोकांना पाठ होता. उंदीर पडले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालून राहायचं. त्यामागचं कारण 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत शोधलं: रोग पोहोचवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मरून गार पडला की ती नवं अंग शोधते. म्हणून प्लेगच्या भागात घाबरून आधी उंदीर मारत सुटणं घातक ठरतं. आधी पिसवांवर फवारणी, मग उंदीर, हाच क्रम.

आज दुकानात उंदीर दिसला म्हणून प्लेगची भीती घालण्याचं कारण नाही. पण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, लेंड्यांतून साल्मोनेलाचे जंतू अन्नात जातात. तांदूळ, डाळ आपण धुऊन शिजवतो. फरसाण, साखर, भाजके शेंगदाणे, चटणी तशीच पोटात जाते. लहान मुलं तर पुडा तिथंच फोडतात. कुरतडलेल्या पुड्याचा कोपरा कापून बाकीचा वापरू नये, सगळा फेकावा.

आता ती विषाची पुडी. झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की आम्लाशी मिळून विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. ते खाल्लेला उंदीर पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन मरतो, कधी पिठाच्या डब्यामागे. अन्नाच्या दुकानात ही पुडी टाकणं म्हणजे एक घाण काढायला दुसरी, जास्त भयंकर घाण आणणं. पिंजरा बरा, पण तोही घाईनं लावून चालत नाही. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. दोन-तीन रात्री दार उघडं बांधून, आत भजं किंवा खोबऱ्याचा तुकडा ठेवून पिंजरा भिंतीच्या कडेला तसाच राहू द्यावा. तो निर्धास्त खायला लागला की मग दार सोडावं.

खरं काम मात्र पिंजऱ्याच्या आधीचं आहे. संध्याकाळी शटर खाली ओढून, दिवा बंद करून आतून बघावं. खालून उजेड येतो तिथून उंदीर येतो. करंगळी जाईल एवढ्या फटीतून घरातला लहान उंदीर सहज आत शिरतो. पोती जमिनीवर न टेकवता फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवली तर मागं झाडू फिरतो आणि लेंड्या दिसतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या असल्या तर लहान उंदीर, त्याच्या दुप्पट-तिप्पट असल्या तर मोठा. मऊ आणि चकचकीत असतील तर तो कालच येऊन गेला. त्या कोरड्या झाडू नयेत, धूळ नाकात जाते. ब्लीचिंगच्या पाण्यानं भिजवून, हातमोजे घालून पुसाव्यात. भिंतीच्या तळाशी काळपट तेलकट पट्टा दिसला, तर ती त्यांची रोजची वाट समजा.

लहान किराणा दुकानालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि दुकान उंदीर-किड्यांपासून मुक्त ठेवणं ही त्या नोंदणीचीच अट आहे. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार करण्यासाठी किंवा त्यावर प्रक्रिया करण्यासाठी 2006 च्या या कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण गावात दंडाच्या आधी शब्द चालतो. कुरतडलेला पुडा घेऊन दुकानात जावं, बाकीची गिऱ्हाइकं नसताना दाखवावा, 'अण्णा, मागची थप्पी एकदा हलवून बघा' म्हणावं. मोबाइलवर व्हिडिओ काढून गावभर फिरवला की दुकानदार उंदीर नव्हे, गिऱ्हाईक शोधत बसतो. सांगूनही महिनाभरात काही हललं नाही, तर मात्र भीड न बाळगता अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यावी. पुडा आणि बिल जपून ठेवावं.

सोयाबीनची रास झाली, रान मोकळं झालं की शेतातले बरेच उंदीर वस्तीकडे सरकतात. नेमकं तेव्हाच दुकानांत दिवाळीचा माल भरलेला असतो. पोती हलवायची, फटी बुजवायची ती त्याच्या आधी, दसऱ्याच्या आवराआवरीत.