फावल्या वेळातली भूमिती

आपल्याकडे विणकामाचा उल्लेख बहुधा ‘फावला वेळ’ या शब्दांसोबत येतो. रुखवतातले क्रोशाचे रुमाल, दारावरचे तोरण, बाळंतविड्यातले लोकरीचे टोपडे आणि मोजे यांचे कौतुक होते ते हौस आणि चिकाटी या दोन गुणांसाठी. त्यामागच्या विचाराबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मी स्वतः क्रोशा विणते, आणि त्यातला आनंद मला मुख्यतः विचार करण्याचा आनंद वाटतो. तो नेमका कुठून येतो, हे या लेखात उलगडून पाहायचे आहे.

सुरुवात धाग्यापासून करू. मागावरच्या कापडात उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून वरखाली जातो. दोन सुयांवरच्या विणकामात आणि क्रोशात मात्र सलग धागा फासे घेत पुढे सरकतो. प्रत्येक फासा आधीच्या फाशातून ओढलेला असतो. म्हणून धागा फारसा ताणला जात नसला तरी स्वेटर ताणला जातो, कारण फासे आपला आकार बदलतात. याच रचनेमुळे विणलेले उसवताही येते. शिवणात कात्री चुकली की कापड वाया जाते. इथे टोक ओढले की धागा पुन्हा हातात येतो. त्यामुळे करून पाहण्याची भीती राहत नाही.

आता साधा गोल रुमाल घ्या. मधल्या कडीत सहा मुके खांब घालतात. पुढच्या फेऱ्यांत १२, १८, २४ असे प्रत्येक वेळी सहा टाके वाढवत जातात. सहाच का? वर्तुळाची त्रिज्या एका एककाने वाढली की परीघ सुमारे ६.२८ एककांनी वाढतो. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो, म्हणून फेरीमागे सुमारे सहा टाके लागतात. साधा खांब त्याच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून तिथे सुमारे १२ वाढवावे लागतात. टाके कमी पडले तर रुमालाची वाटी होते, जास्त झाले तर कडेला झालर येते. टोपी विणणारी बाई याचाच उपयोग करते: माथा पुरेसा मोठा झाला की ती वाढ थांबवते आणि विण आपोआप खाली वळते. शाळेत पायची किंमत न शिकलेल्या कितीतरी हातांना हा नियम पाठ असतो.

ही झालर गणितज्ञांच्या कामी आली. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणारी एकच रेषा जाते, हे आपण शाळेत शिकतो. लोबाचेव्हस्की यांनी १८२९ मध्ये आणि बोल्याय यांनी १८३२ मध्ये जी भूमिती प्रसिद्ध केली, तिच्यात अशा रेषा अनेक असतात. या भूमितीच्या पृष्ठभागाला हायपरबोलिक प्रतल म्हणतात. त्याची कल्पना करणे अवघड, आणि कागदी पट्ट्या जोडून केलेल्या प्रतिकृती हाताळताना सहज फाटत. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तायमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या. तिथे लहानपणी शिकलेला क्रोशा त्यांनी १९९७ मध्ये या कामासाठी वापरला. नियम एकच: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचे नाही. तयार झालेला झालरदार तुकडा घडी घालून पाहता येतो, त्यावर रंगीत धाग्याने रेषा शिवता येतात, आणि एकाच बिंदूतून जाणाऱ्या अनेक रेषा पहिल्या रेषेला टाळून कशा निघून जातात ते बोटाने तपासता येते.

तायमिना यांच्या २००९ च्या पुस्तकाला विचित्र शीर्षकासाठी दिले जाणारे ब्रिटनमधले गमतीचे पारितोषिक मिळाले. पुढे २०१२ मध्ये त्याच पुस्तकाला अमेरिकेतल्या गणित संघटनेचा ऑयलर ग्रंथ पुरस्कारही मिळाला. क्रोशा आणि गणित एकत्र आले की आधी हसू येते, आदर नंतर.

हा क्रम फक्त गमतीचा नाही. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या नरसापूर भागात १९व्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना लेस विणायला शिकवले आणि पुढे तिथली क्रोशाची लेस परदेशी जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या कारागीर स्त्रियांवरचे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी दाखवले की दिवसातले कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांना कामगार मानलेच जात नव्हते. त्या गृहिणी, आणि विणकाम हा त्यांचा फावल्या वेळातला उद्योग, असे धरल्यामुळे मजुरी अगदी तुटपुंजी राहिली. शब्दांची किंमत अशी पैशांतही मोजावी लागते.

म्हणून ‘फावला वेळ’ हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो. विणताना हात चालू असतात, गप्पाही चालू असतात, आणि आत कुठेतरी मोजणी अखंड सुरू असते. मन गुंतते ते या मोजणीत. शंका असेल त्याने सहा मुके खांब घालून प्रत्येक टाक्यात दोन टाके विणत जावे. दुसऱ्या फेरीत १२ टाके होतील आणि विण सपाटच राहील. तिसऱ्या फेरीत सपाट विणीला १८ पुरले असते, तिथे २४ होतील आणि लाट उठू लागेल. सहाव्या फेरीला ३६ च्या जागी १९२ टाके भरलेले असतील. तोवर आपण वेळ घालवला की भूमिती शिकलो, हे ज्याचे त्याला कळेल.